तलावाला भिंत नको, काठ हवा

सोलापुरात तलावाचा विषय निघाला की दोन बाजू आधीच ठरलेल्या असतात. एक म्हणते, सुशोभीकरण करा: काठाने भिंत, भिंतीवर रेलिंग, लगत पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दिवे, कारंजे, बाकडी आणि जमल्यास हिरवळ. दुसरी म्हणते, हात लावू नका, तलाव निसर्गावर सोडा, पक्षी येऊ द्या. पहिलीला दुसरी विकासविरोधी वाटते, दुसरीला पहिली ठेकेदारांची वाटते. कंबर तलाव असो, सिद्धेश्वर तलाव असो की होटगीचा तलाव, बोलणे याच वळणाने जाते. हा वाद मुळातच चुकीच्या प्रश्नावर चालला आहे, असे मला वाटते. दोन्ही बाजू तलावाच्या काठाकडे देखावा म्हणून पाहतात. एकीला तो चकचकीत हवा, दुसरीला हिरवागार. त्या काठाला पाण्यासाठी काही काम करायचे असते, ही गोष्ट दोन्हींच्या हिशेबात नाही.

माझी भूमिका अशी आहे. शहरातल्या तलावाचा काठ म्हणजे एक रुंद, उतरता पट्टा असला पाहिजे, आणि तो इथल्याच वनस्पतींच्या मुळांनी बांधलेला असला पाहिजे. रस्ते आणि छपरांवरून येणारे पावसाचे पाणी थेट तलावात ओतले जाऊ नये. आधी त्याचा वेग मोडावा, गाळ खाली बसावा, मग ते आत जावे. हे सगळे मोजमाप घेऊन, आराखडा काढून, निधी ठेवून करायचे काम आहे. भिंत बांधून ते होत नाही, आणि तलाव आहे तसा सोडून दिला तरी होत नाही.

आधी पाण्याचा स्वभाव पाहू. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनातला. उत्तरा आणि हस्ताच्या पावसात तलाव भरतात, आणि मेअखेरीला तेच पाणी कितीतरी आत गेलेले असते. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत गाळपेर करणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या दृष्टीने तलावाची कड दर महिन्याला हलते. भिंत मात्र एकच पातळी धरून बांधली जाते. मग उरलेले आठ महिने भिंतीखाली भेगाळलेली जमीन, तिच्यात रुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य, आणि वरच्या ट्रॅकवर फिरणारे लोक, असे चित्र दिसते. ज्या शहराचे पाणी वर्षभर हलते, तिथे न हलणारी कड कोणाच्या सोयीसाठी बांधायची?

भिंतीचे आयुष्यही सोलापूरच्या जमिनीत फारसे सुखाचे नसते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीमागची ही माती ओली असताना तलावाचे पाणी उतरले, की पुढून मिळणारा आधार जातो आणि मागून येणारा दाब तसाच राहतो. पाणी निचरायला पुरेशी छिद्रे ठेवली नसतील किंवा ती बुजली असतील, तर भिंत पुढे कलते, सांधे उघडतात. शिवाय उभ्या भिंतीवर आदळलेली लाट तिथे संपत नाही, उलटून येते आणि भिंतीच्याच पायाखालची माती उकरते. उतारावर चढणारी लाट मात्र चढता चढता दमते आणि गवतात विरते. महापुरात मोठी झाडे वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आला आहे. तलावाच्या काठाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, तरी आराखडे काढताना ते कोणाला आठवत नाही.

हा पट्टा कसा असावा, यावर जरा थांबून बोलायला हवे, कारण ‘झाडे लावा’ एवढे म्हणून भागत नाही. सर्वांत आत, जिथे उन्हाळ्यातही थोडे पाणी राहते, तिथे कमळ आणि कुमुद. त्याच्या अलीकडच्या उथळ पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या कुळातली उंच गवते. त्यांच्या दाट बुंध्यांमध्ये पाण्याचा वेग पडतो, गाळ बसतो, आणि बुडालेल्या खोडा-मुळांवर सूक्ष्म जीवांचा थर वाढतो. पाण्यातल्या घाणीवर खरे काम हा थर करतो. चिखलात जिथे हवा पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करून तो हवेत सोडतात. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून येतो, म्हणून गाळ अडला की त्यातला मोठा भाग अडतो. त्याच्या वर चढ-उताराचा पट्टा, कधी पाण्याखाली तर कधी कोरडा ठणठणीत. इथे वाळा, हरळी, जलब्राह्मी आणि निर्गुडी. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि उताराची माती धरून ठेवतात. सर्वांत वर शिंदी, करंज, वाळुंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि बाभूळ. आपली गावठी बाभूळ पायात पाणी साचले तरी काही महिने तग धरते आणि नंतर दुष्काळही सोसते. असे झाड आयते हाताशी असताना तलावाकाठी गुलमोहराच्या रांगा लावण्याचे कारण मला कळत नाही. गुलमोहर मादागास्करचा. त्याच्याशी वैर नाही, पण हस्तात बुडणे आणि वैशाखात होरपळणे, दोन्ही सोसायची सवय त्याला नाही.

‘स्थानिक’ या शब्दाभोवती भावनेचे वलय आहे, ते मला बाजूला ठेवावेसे वाटते. स्थानिक वनस्पती हवी ती ती आपली आहे म्हणून नव्हे. तिला खत लागत नाही, एकदा रुजल्यावर टँकर लागत नाही, आणि तिच्यावर जगणारे कीटक, त्या कीटकांवर जगणारे मासे, बेडूक आणि पक्षी इथे आधीपासून आहेत. हिरवळीचे तसे नाही. तिला रोज पाणी लागते, खत लागते, आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर तेच खत तलावात उतरते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तलावाकाठी हिरवळ पोसायची आणि तिच्या खतावर जलपर्णी वाढवायची, याला नियोजन म्हणता येणार नाही.

आता ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी. त्यांचा निसर्गावरचा विश्वास मला आवडतो. पण शहरातल्या तलावाला हात केव्हाच लागला आहे. त्याच्या पाणलोटात रस्ते झाले, वसाहती झाल्या, नाले वळले. अशा जागी काहीच केले नाही तर जुने गवताळ काठ परत येत नाहीत, तिथे वेडी बाभूळ, बेशरम आणि जलपर्णी येते. तिन्ही बाहेरून आलेल्या. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, आणि अनुकूल हवा व नायट्रेट-फॉस्फेटचे भरपूर खाद्य मिळाले तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. कंबर तलावाने हे दुखणे सोसले आहे. यंत्र लावून जलपर्णी काढणे आवश्यक आहे, पण तिला अन्न पुरवणारा नाला तसाच चालू ठेवून ती काढत राहिलो तर दरवर्षी तेच बिल निघेल. निसर्गावर सोडायचे असेल, तर आधी निसर्गाला काम करता येईल अशी परिस्थिती माणसानेच करून द्यावी लागते. आणि मग कापणी, साफसफाई, पुनर्लागवड चालू ठेवावी लागते. स्थानिक असले तरी पाणकणीसही सांडपाण्याच्या खतावर माजते आणि सगळे उथळ पाणी व्यापते. त्याला दरवर्षी आवर घालावाच लागतो.

सोलापूरला तलावाचा इतिहास शिकवायची गरज नाही, तरी तो या वादात कोणी नीट आणत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला. तलाव खोदणे हीच पूजा, हा विचार या गावाच्या पायात आहे. पुढे भुईकोट किल्ल्याला तीन बाजूंनी खंदक आणि पूर्वेला हाच तलाव संरक्षण म्हणून मिळाला. इंग्रजांच्या काळात अदिला नदीवर एकरुख तलाव झाला, १८७१ च्या सुमारास. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो, आणि त्याने शहराला पाणीही पाजले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव झाले, ज्यांच्या भरावावर हजारो हातांनी माती टाकली. बांध घालून पाणी अडवलेल्या या तलावांची रचना पाहा. बांध एका बाजूला, त्याला आतून दगडी पिचिंग म्हणजे दगडांचे अस्तर, आणि पाणी ज्या बाजूने येते ती बाजू मोकळी, सपाट, उतरती. पिचिंग तिथेच, जिथे बांध वाचवायचा आहे. चारी बाजूंनी भिंत घालायची कल्पना त्या बांधणाऱ्यांना सुचली नसती, कारण मग पाणी आत येणार कुठून?

पण या इतिहासाचा आधार घेताना प्रामाणिक राहिले पाहिजे. जुन्यांनी काठावर मुद्दाम पाणवनस्पतींचे पट्टे आखले होते असे म्हणायला मला आधार नाही. त्यांनी जागा मोकळी ठेवली, आणि वर शहर नव्हते, शेते व माळ होते. आज वर शहर आहे. म्हणून ‘पूर्वीसारखे करा’ एवढ्याने भागत नाही. पूर्वी माळ जे काम करीत होता, ते आता कोणीतरी करायला हवे.

ते काम किती मोठे आहे, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक हेक्टर जागा पूर्ण काँक्रीट, डांबर आणि पत्र्याने झाकलेली असेल, आणि तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख लिटर पाणी पडले. त्यातले साधारण नव्वद टक्के, म्हणजे साडेचार लाख लिटर, तिथून वाहून निघते. कोरड्या, गवत असलेल्या मोकळ्या जमिनीवरून याचा लहान भागच निघाला असता. शहर वाढते तसे हे आकडे गुणिले होत जातात, आणि नाल्याची रुंदी मात्र तीच राहते, किंवा कमी होते. बरे, या पाण्यात सर्वांत घाण असते ते पहिले. मृगाच्या पहिल्या सरीत उन्हाळाभराची धूळ, इंजिनचे तेल, टायरची झीज, जनावरांचे शेण, बाजारातला कचरा असे सगळे एकदम निघते. एका हेक्टरवरचे हे पहिले दहा मिलिमीटर म्हणजे नव्वद हजार लिटर. आता शंभर मीटर लांबीचा एक गवताळ चर घ्या: वर तीन मीटर रुंद, तळाला एक मीटर, खोली अर्धा मीटर. त्यात एक लाख लिटर पाणी मावते. म्हणजे एका हेक्टरचे सर्वांत घाण पाणी एका चरात थांबवता येते. त्याला ना मोठी यंत्रे लागतात, ना वीज.

इथे स्थापत्य अभियंत्यांचा एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मग चर काढून काय होणार? चिखल होईल, डबके होईल. हे खरे आहे. पुस्तकातले वालुकामय जमिनीचे नमुने सोलापुरात उतरवले तर फसतील. म्हणूनच इथल्या चराला वेगळी रचना लागते: काळी माती उपसून तिथे मुरूम, खडी आणि वाळूचे थर, तळाला सच्छिद्र पाइप, आणि वर गवत. पाणी मुरले नाही तरी गाळून, हळूहळू पुढे जाते. उद्देश प्रत्येक थेंब जिरवण्याचा नाहीच. उद्देश वेग मोडण्याचा आणि गाळ अडवण्याचा आहे. नाला तलावाला मिळतो त्या मुखाशी मात्र एक गाळकुंड हवेच. त्यात ट्रॅक्टर किंवा जेसीबी उतरेल असा रॅम्प ठेवावा, म्हणजे दर उन्हाळ्यात गाळ काढता येईल. रॅम्प नसेल तर गाळकुंड दोन-तीन पावसाळ्यांत सपाट होते, मग वनस्पती कितीही लावा.

दुसरा आक्षेप अतिवृष्टीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्याने काय पाहिले ते सगळ्यांना आठवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या गावांची काय दशा केली, तेही ताजे आहे. अशा पावसापुढे चर आणि गवत काय करणार? काही नाही, हे मी मान्य करतो. हे चर वर्षातल्या नेहमीच्या पावसांसाठी असतात, आणि तलाव घाण होतो तो याच नेहमीच्या पावसांनी. मोठ्या पावसासाठी सांडवा, जादा पाणी सुरक्षित नेणारा मोकळा मार्ग आणि त्या मार्गात बांधकाम न होऊ देण्याची हिंमत लागते. पण भिंत या बाबतीत तरी अधिक काय देते? मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर मिठी नदीला मोठ्या लांबीत भिंती आल्या. भिंतींनी नदीची जागा आखून दिली. पण कुर्ल्याकडे पाणी शिरायचे त्यानंतरच्या पावसाळ्यांत थांबलेले नाही. पाण्याला जागा लागते, आणि भिंत उभी करताना ती जागाच कमी होते.

सर्वांत बळकट आक्षेप सांडपाण्याचा. ‘आधी ड्रेनेजचे पाणी बंद करा, मग गवताच्या गप्पा मारा,’ असे कोणी म्हणाले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. शहराचे मैलापाणी आणि कापड रंगवण्याच्या कामातले पाणी पाणकणसाच्या भरवशावर तलावात सोडणे हा गुन्हा आहे. रंगाच्या पाण्यातली रसायने आणि क्षार गवत पचवत नाही, ती चिखलात साठतात. पूर्वभागातल्या यंत्रमागांवर आणि टॉवेल-चादरीवर हे शहर जगते, म्हणून त्या पाण्यावर प्रक्रिया त्याच जागी, उगमाशी, झाली पाहिजे. एवढे मान्य केल्यावर विचारतो: सांडपाणी पूर्ण वळवले, तर काठाचे काम संपते का? संपत नाही. पावसाळी पाणी उरतेच, आणि गटारांच्या जाळ्यात गळती, तुंबणे, चोरून जोडलेले पाइप हेही उरते. बेंगळुरूचे उदाहरण दोन्ही बाजू शिकवते. बेलंदूर तलावात सांडपाणी इतके साठले की फेसाचे ढीग रस्त्यावर आले आणि पाण्यालगत आग लागली. त्याच शहरात जक्कूर तलावाशी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. त्यातून निघालेले पाणी आधी पाणवनस्पतींच्या पाणथळ पट्ट्यातून जाते आणि मग तलावात पोचते. केंद्र आणि गवत एकमेकांच्या पुढेमागे उभे आहेत. केंद्राने मोठा भार उचलायचा, पट्ट्याने उरलासुरला. सोलापुरात आपण या दोन्हींतले एक निवडायला का सांगतो आहोत?

अतिक्रमणाचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. उतरता, मोकळा काठ दिसला की रातोरात राडारोडा येऊन पडतो, मग भराव होतो, मग टपरी येते, मग पत्रा. भिंत निदान हद्द दाखवते, असे लोक म्हणतात आणि ते चूक नाही. पण भिंत कुठे बांधली जाते ते पाहा. उन्हाळ्यात पाणी आत गेलेले असताना, कोरड्या जमिनीवर काम सोपे म्हणून, ती पुष्कळदा पाण्याच्या पसरण्याच्या जागेतच उभी राहते, आणि मागची जागा भरून ट्रॅक होतो. म्हणजे तलावावरचे पहिले अतिक्रमण त्या भिंतीचेच असते. हद्द दाखवायला कुंपण हवे, हे मान्य. ते तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचते त्याच्या बाहेर, वनस्पतींच्या पट्ट्याच्याही बाहेर हवे. फिरण्याचा रस्ता तिथेच, कुंपणालगत. जिथे रोज पहाटे चारशे माणसे फिरतात, तिथे राडारोड्याचा डंपर रिकामा करणे सोपे राहत नाही. मोजणी करून रोवलेले हद्दीचे दगड आणि त्याची नोंद असलेला नकाशा, हे काम काँक्रीटपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहे. कायद्यावर विसंबून राहू नये, असेही सांगतो. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेल्या जलाशयांना वगळतात. दुष्काळी जिल्ह्यातले कितीतरी तलाव नेमके तसेच आहेत. त्यांना वाचवायचे ते स्थानिक पातळीवरच्या आराखड्यानेच.

डासांचे भय खरे आहे. गवत दाट, पाणी साचलेले आणि मासे नाहीत, अशी जागा डासांना आवडते. पण शहरात डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः घरातल्या आणि घराभोवतीच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी पिंप, हौद आणि टाक्या भरून ठेवाव्या लागणाऱ्या शहराने, तलावाच्या गवताकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पिंपाच्या झाकणाकडे पाहावे. क्युलेक्स डासाला गटारे आणि घाण पाणी लागते. ज्या काठाशी पाणी हलते, मासे येतात, चतुर उडतात, तिथे अळ्या खाणारे बरेच असतात. उथळ पट्टा आखताना अधूनमधून खोल पाण्याच्या वाटा ठेवल्या, की मासे गवतापर्यंत पोचतात. जलपर्णीने झाकलेला तलाव डासांना जास्त सोयीचा असतो, आणि जलपर्णी वाढते ती घाण पाण्यावर.

बाष्पीभवनाचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण सोलापुरात तो विचारलाच पाहिजे. पाऱ्याने चाळिशी ओलांडल्यावर गवत पाणी पिणार आणि हवेत सोडणार. काही परिस्थितींत उभी पाणगवते मोकळ्या पाण्याइतके, कधी जास्तही पाणी उडवतात. म्हणून पट्टा सगळ्या तलावभर पसरू द्यायचा नाही, कडेपुरता ठेवायचा. त्याच्या बदल्यात काय मिळते? गाळ कमी येतो, म्हणजे तलावाची खोली टिकते. तेवढेच पाणी उथळ आणि पसरट तलावात साठले तर ते लवकर उडते, खोल तलावात टिकते. दुष्काळी प्रदेशात तलाव गाळाने भरणे म्हणजे पाणी उन्हाला दान करणे, आणि गाळ अडवण्याचे काम काठाचा पट्टा आणि नाल्याच्या मुखाचे कुंड करते. या हिशेबात मला गवताने प्यायलेले पाणी महाग वाटत नाही.

यात्रेचा आणि माणसांचा विचार केल्याशिवाय सोलापूरच्या तलावावर लिहिता येत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळ्याला लाखो लोक येतात. तिथे दगडी घाट आणि पक्क्या पायऱ्याच हव्यात. बायकांना सुरक्षित वाटेल अशी मोकळी नजर, उजेड, उंच झुडपांच्या आड कोणी लपू शकणार नाही अशी रस्त्यालगतची बुटकी लागवड, हे सगळे हवे. सापांची भीती वाटते, त्यासाठी रस्ता आणि गवत यांच्यात दोन-तीन मीटरची कापलेली पट्टी ठेवता येते. घाट जिथे माणसे पाण्याशी येतात तिथे, आणि बाकीचा काठ पाण्यासाठी, एवढी वाटणी करायला काय अवघड आहे?

उरतो देखभालीचा प्रश्न, आणि इथे मी कोणालाही खोटे आश्वासन देणार नाही. भिंत बांधून झाली की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल निघते, उद्घाटन होते. गवताला पहिली दोन-तीन वर्षे निंदणी, पुनर्लागवड आणि राखण लागते, आणि पुढे दरवर्षी कापणी. कापलेले बाहेर नेले नाही तर ते पाण्यातच कुजते आणि त्याने शोषलेला नायट्रोजन-फॉस्फरस परत तलावात जातो. भांडवली खर्चाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, ही आपल्या नागरी कारभाराची जुनी व्यथा आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले तेव्हा शहरात उत्साह होता. त्या योजनेतून जे बांधले त्याची दहा वर्षांनी निगा कोण राखतो, हा प्रश्न काँक्रीटच्या बाबतीतही तेवढाच उभा आहे. फरशा, कारंजी आणि रेलिंगही देखभालीविना टिकत नाहीत, फक्त त्यांच्या देखभालीचा खर्च आराखड्यात लपवता येतो. गवताचा लपवता येत नाही, एवढाच फरक. शिवाय कापणीला हात लागतात आणि कापलेल्याला किंमत आहे: शिंदीच्या पानांचे फडे, वाळ्याची मुळे, गवताचा चारा, उरलेल्याचे खत. महिला बचत गटांना किंवा काठावर मासेमारी करणाऱ्या सोसायट्यांना हे काम वार्षिक कराराने देता येईल.

सिंगापूरचे नाव काढले की ‘ते श्रीमंत’ हे उत्तर तयार असते. पण तिथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बिशान-आंग मो किओ बागेतून कल्लांग नदी सरळ काँक्रीट कालव्यातून वाहत होती. कालव्याची वहनक्षमता वाढवायची होती आणि बागेचीही दुरुस्ती करायची होती. त्यांनी नवा मोठा कालवा बांधण्याऐवजी काँक्रीट काढले, नदीला वळणे दिली, काठ वनस्पती आणि दगडांनी बांधले. २०१२ मध्ये ते पुरे झाले. पावसात नदी बागेत पसरते, ओसरली की लोक तिथेच फिरतात. ज्या देशात जमीन इतकी कमी आणि महाग, त्यानेही पाण्याला पसरायला जागा दिली.

सोलापूरच्या पुढच्या कोणत्याही तलाव-आराखड्यात मला काही गोष्टी आधी पाहायच्या आहेत. नकाशावर पाण्याच्या दोन पातळ्या: ऑक्टोबरची आणि मेची. पाणी येणारा प्रत्येक नाला, त्याचे पाणलोट क्षेत्र, आणि त्याच्या मुखाशी गाळकुंड, रॅम्पसह. सांडपाणी कुठे वळवले आणि वळवलेले पाणी कुठे जाते. घाट नेमका किती मीटर, वनस्पतींचा पट्टा किती मीटर. कोणत्या वनस्पती, कोणत्या पातळीला, रोपे कोणत्या रोपवाटिकेतून. उतार देण्याचे मातीकाम एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत खाली असताना. लागवड जूनच्या पावसावर, म्हणजे हस्ताचे पाणी चढण्याआधी मुळे धरलेली असतील. आणि पाच वर्षांच्या कापणी, गाळकाढणी, पुनर्लागवडीची रक्कम निविदेतच, बांधकामाच्या रकमेच्या शेजारच्या ओळीत. ही शेवटची ओळ नसलेला आराखडा सभागृहात आला, तर तो त्याच दिवशी परत पाठवावा, अशी मागणी आपण प्रभागातल्या प्रत्येक नगरसेवकाकडे लेखी करावी.